पाऊण मिलिमीटर

उल्हास च्यारीने व्हर्नियर लावला,
पुसला, परत लावला,
आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, सव्वातीन.
डिस्कवरच कोरलेलं असतं, अक्षरं तांदळाच्या कणीएवढी:
साडेतीनच्या खाली वापरू नये.
अकरा वर्षं रोज सकाळी गाडी धुतली,
ते वाक्य कधी वाचलं नव्हतं.

दोन महिने लिव्हर दाबला की बोटांत थरथर यायची.
मला वाटलं, वय झालं माझं.

गाडी च्यारीच्या अंगणात, पुढचं चाक काढलेलं,
पिवळं मडगार्ड तेवढं हवेत.
जुनी डिस्क पिशवीत घालून कदंबाने म्हापशाला निघालो.
पायलट माणूस, सीटवर बसून प्रवास करायची सवय नाही,
अस्नोड्याच्या वळणावर ड्रायव्हरच्या आधी
माझीच उजवी बोटं आवळली.

केरोबिनने काचेच्या काउंटरवर तीन ठेवल्या,
सोनार पाटल्या ठेवतो तशा, जरा अंतर राखून.

पहिली कंपनीची, तेलकट कागदात. अठराशे चाळीस.
दुसरी पाकळ्यांची, कडेला लाटा, भोकांची नक्षी. बाराशे.
'पोरं हीच नेतात,' म्हणाला.
तिसरीच्या खोक्यावर नाव नव्हतं,
सिंहाचं चित्र होतं. साडेसहाशे.
'चालते ही?'
'चालते रे. थांबते का, ते विचार.'

पाकळ्यांची उचलून डोळ्यासमोर धरली,
भोकांतून रस्ता दिसला, मिरच्यांच्या गोण्या,
लाल हेल्मेटवाली एक मुलगी.
क्षणभर बावीस वर्षांचा झालो.
मग खाली ठेवली.

नवीन असते चार मिलिमीटर.
माझी सव्वातीन.
म्हणजे पाऊण मिलिमीटर लोखंड
मी डिचोली तालुक्यात सांडून आलो.
थोडं नार्वेच्या फेरीच्या उतारावर, शेवाळात,
बरंचसं खनिजाच्या ट्रकांमागे, जेव्हा ते ट्रक होते,
थोडं साखळीच्या पुलाजवळ रोज,
जिथे तो एक बैल कुणाचं ऐकत नाही.
शर्टाखाली एक्स-रे धरून बसलेला माणूस,
मांडीवर जिवंत कोंबडा घेतलेली सर्वणची बाई,
पेपराला उशीर झालेला पोरगा, माझ्या खांद्यावर त्याची नखं,
सगळ्यांना पोचवताना
एकेक केसाएवढं झिजत गेलं.
मागे बसणाऱ्याला डिस्क दिसत नाही.
त्याला माझी मान दिसते, आणि तो तिच्यावर भरवसा ठेवतो.

एकदाच वेळेत थांबलो नाही.
कुत्रं होतं.
घरी सांगितलेलं नाही.

केरोबिनने सिंहवाली काचेवर पालथी टाकली,
एका कडेवर बोट दाबलं.
टक.
दुसऱ्या कडेवर. टक.
'पळे,' म्हणाला, 'नवी असून नाचते.'
कंपनीची काचेला चिकटून बसली, हूं की चूं नाही.
तीच घेतली. पॅडही नवे घ्यावे लागले,
जुने पॅड नव्या डिस्कवर जुनेच चर ओढतात म्हणे.
बाराशे रोख दिले,
बाकी त्याने वहीत लिहिले,
माझ्या नावापुढे 'पायलट, डिचोली', आणि सोमवार.

संध्याकाळी च्यारीने स्पिरिटने पुसून बसवली,
बोल्ट समोरासमोरचे, एकदम नाही, थोडे थोडे आवळत.
'दोनशे किलोमीटर जोरात दाबू नकोस,
दोघांची ओळख होऊ दे.'

दुसऱ्या दिवशी पहिलंच भाडं, मये,
'जरा लवकर सोड रे.'
बसा, म्हटलं. आणि हळूच गेलो.
बोटांखाली काहीच थरथरलं नाही,
इतकं काहीच नाही
की दोनदा उगाच दाबून बघितलं.

जुनी डिस्क स्वयंपाकघरात आहे.
बायकोने काही विचारलं नाही,
गरम पेजेचं भांडं सरळ तिच्यावर ठेवलं.
वाढताना ते डुगडुगतं.
किंचित.
ती म्हणते, जमीनच वाकडी आहे.